श्रद्धेचा रकाना

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, आपण 'ख्रिस्ती' लिहून मोकळे होतो. श्रद्धेचा रकाना नसतो. असता तर तिथे काय लिहिलं असतं?

बाप्तिस्मा, मिस्सा, रोजरीची माळ हे सारं धर्मानं दिलं. मी ते कमी लेखत नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना तेच शिकवलं. पण ही झाली वाट. वाटेवर चालतो कोण, हे आमच्या देवास जिल्ह्यानं पाहिलंय. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारलं. वय 41. गरिबांना सावकाराच्या कर्जातून सोडवत होत्या, हाच गुन्हा. मारेकरी समुंदर सिंह जन्मठेपेला गेला. पुढे सिस्टरांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. राखी! आपल्या कुठल्या धर्मविधीत ती बसते? तरी ख्रिस्ताची क्षमा मला त्या दोऱ्यात दिसते, कित्येक प्रवचनांत नाही दिसली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, तेव्हा समुंदर सिंह तिथे हजर होता.

आणि आपण? मिस्सात शांती देण्याची वेळ आली की दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ फिरवतात. भांडण कशाचं, तर बांधावरच्या हातभर जमिनीचं. दोघांचीही रविवारची हजेरी मात्र चुकत नाही. फेब्रुवारीत उदयनगरला सिस्टरांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जाणाऱ्यांनी आधी भावाच्या दारी जाऊन यावं, एवढंच मागणं.