विप्रकृष्ट हेतूचा विसर

वारंवार उलटणारी ग्रहणी, वर्षानुवर्षे न हटणारी अनिद्रा, सर्व तपासण्या निर्दोष असूनही टिकून राहणारा कटिशूल वा ओटीपोटातील वेदना, अशा तक्रारी घेऊन येणारे प्रौढ रुग्ण प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या आहाराची, निद्रेची, मलप्रवृत्तीची चौकशी आपण बारकाईने करतो. ‘बालपण कसे गेले?’ हा प्रश्न मात्र आपल्या रुग्णपत्रकात बहुधा नसतो. तो असावयास हवा, आणि तो विचारण्याची पात्रताही आपण अंगी बाणवावयास हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्याधीचा हेतू नेहमी निकटचाच असतो, असे आपले शास्त्र मानीत नाही. हेमंतात संचित झालेला कफ वसंतात व्याधी उत्पन्न करतो, हे विप्रकृष्ट हेतूचे उदाहरण आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. बालवयात सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, सततची अवहेलना हाही असाच विप्रकृष्ट हेतू होय. चरकाचार्यांनी उन्मादाच्या हेतूंत भयजन्य मनोभिघाताची गणना केली आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात तर, मूल रडत असले, जेवत नसले वा ऐकत नसले तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्यास भिववू नये, असे ते बजावतात. नुसत्या धाकाविषयी जे शास्त्र इतके दक्ष आहे, त्याच्या अनुयायांनी प्रत्यक्ष अत्याचाराच्या परिणामांविषयी उदासीन राहणे शोभत नाही.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेने जातो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी, डॉ. रॉबर्ट अँडा व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांना बालपणातील अत्याचार व घरातील हिंसा, व्यसने इत्यादी सात प्रकारच्या प्रतिकूल अनुभवांविषयी विचारण्यात आले. ज्यांनी चार वा अधिक प्रकार अनुभवले होते, त्यांच्यात मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. हृद्रोग, कर्करोग, जीर्ण फुप्फुसविकार यांच्याशीही या अनुभवांचा चढता संबंध दिसून आला. अर्थात हा धोका आहे, विधिलिखित नव्हे. असे बालपण भोगलेली असंख्य माणसे पुढे निरामय आयुष्य जगतात.

आपल्याकडील परिस्थितीही डोळ्यांआड करण्यासारखी नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात, महाराष्ट्रासह १३ राज्यांतील पाहणीत, ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. ती मुले आज पंचविशी ते चाळिशीच्या दरम्यान आहेत. आपल्या चिकित्सालयांत येणारी पिढी ती हीच.

येथे तीन पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले स्पर्शाचे. अभ्यंग, बस्ती, उत्तरबस्ती, योनिपिचू ही कर्मे आपणास नित्याची असली, तरी अत्याचार सोसलेल्या व्यक्तीस ती जुन्या भयाची पुनरावृत्ती वाटू शकतात. म्हणून प्रत्येक कर्माआधी ते समजावून सांगावे, संमती घ्यावी, आणि ‘थांबा’ म्हणताच थांबावे. आरंभीची एक स्वाक्षरी म्हणजे अखेरपर्यंतची संमती नव्हे.

दुसरे वाणीचे. प्रज्ञापराधाची संकल्पना येथे रुग्णाच्या माथी मारू नये. अपराध अत्याचार करणाऱ्या प्रौढाचा असतो, बालकाचा कधीच नसतो. पूर्वकर्माचा दाखला देणे किंवा ‘झाले गेले विसरा’ असे सांगणे म्हणजे सत्त्वावजय नव्हे. हा प्रश्न नातेवाइकांसमोर तर मुळीच विचारू नये. अत्याचारी व्यक्ती अनेकदा घरातीलच असते. रुग्णाने उत्तर टाळल्यास आग्रह धरू नये आणि सांगितलेले गुप्त राखावे. मात्र आजही एखादे बालक धोक्यात असल्याचे कळल्यास, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, याचा विसर पडू नये.

तिसरे मर्यादेचे. मेध्य रसायने, शिरोधारा, निद्रा व अग्नी यांची सुव्यवस्था हे आपले साहाय्य निश्चितच आहे; परंतु खोल मानसिक आघातावर तेवढेच पुरेल, असा दावा करणे अनुचित होय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसरोग विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तरांस मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान दिले आहे. इतरांनी अशा तज्ज्ञांकडे, मानसोपचारतज्ज्ञांकडे वा समुपदेशकांकडे रुग्णास वेळेवर पाठवावे आणि आपली चिकित्सा जोडीने चालू ठेवावी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात ठळकपणे लावण्यास कोणताही खर्च येत नाही.

आपल्या संघटनेने पंचकर्मावरील शिबिरे पुष्कळ भरविली. आगामी वर्षात एक तरी शिबिर या विषयास वाहिलेले असावे, पंचकर्म परिचारकांनाही त्यात सामील करून घ्यावे आणि संमतिपत्रकाचा एक सुबोध मराठी नमुना तयार करून सभासदांस द्यावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.