बँकेनं पत्ता बदलला, तर सांगायचं कसं?

"डोमेन बदलायचं? त्यात काय एवढं! जुन्या पत्त्यावर रिडायरेक्ट टाका, झालं." आमच्या धंद्यात हे वाक्य दर दोन मीटिंगला एकदा ऐकू येतं. एखाद्या हौशी साइटपुरतं ते खरंही आहे. पण मंडळी, साइट मोठ्या बँकेची असेल तर रिडायरेक्ट हे कामाचं पहिलं पान असतं, पुस्तक पुढेच.

हा विषय आपल्याकडे नुसता पुस्तकी राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव डोमेन असेल. एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरली. नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे दिलं. स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय अशा बड्या बँका नव्या नावावर गेल्या. आदेश सहकारी बँकांनाही होता, आणि नागरी सहकारी बँका सगळ्यात जास्त आहेत त्या आपल्या महाराष्ट्रात.

कल्पना चांगलीच आहे. हे नाव फक्त बँकेलाच मिळतं, म्हणजे पत्त्याचा शेवट पाहिला की खरं-खोटं कळायला मदत होते. माझं म्हणणं वेगळं आहे. ग्राहकाला धक्का न लावता हे करायचं, तर त्याची खरी कसोटी सर्व्हरच्या खोलीत लागत नाही, ती ग्राहकाच्या सवयीत लागते.

आधी थोडं तांत्रिक. डीएनएसच्या नोंदी जगभर साठवून ठेवलेल्या असतात, म्हणून बदलाच्या आधीच त्यांची मुदत काही मिनिटांवर आणावी लागते. जुन्या नावाचं सर्टिफिकेट चालू ठेवावं लागतं, कारण ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो आणि मगच रिडायरेक्ट ऐकतो. ते संपलेलं असेल तर ग्राहकाला नवं घर दिसायच्या आधी लाल इशारा दिसणार. घर सोडलं तरी जुन्या दाराशी माणूस बसवावाच लागतो, तसं.

मग येतात पैसे. दुकानाच्या साइटवरून ग्राहक नेटबँकिंगला येतो तेव्हा व्यवहाराची माहिती बहुतेकदा 'पोस्ट' पद्धतीनं येते. नेहमीचा ३०१ रिडायरेक्ट टाकला तर ब्राउझर तिचं 'गेट' करतात आणि सोबतची माहिती वाटेतच गळते. तिथे ३०८ लागतो. शिवाय कुणाच्या फायरवॉलमध्ये जुनंच नाव लिहिलेलं असतं, कुणाच्या मोबाइलवर अ‍ॅपची दोन वर्षं जुनी आवृत्ती असते. ही सगळी मंडळी एका रात्रीत हलत नाहीत. म्हणून दोन्ही नावं बराच काळ शेजारी-शेजारी चालवायची आणि ग्राहक थोडे-थोडे करून हलवायचे.

इथवरचं सगळं चेकलिस्टमध्ये बसतं. खरी अडचण पुढे आहे.

इतकी वर्षं बँका आपल्याला बजावत आल्या, "पत्ता नीट बघा, अनोळखी लिंक दाबू नका." आणि आता त्याच बँकेला सांगायचंय, "आमचा पत्ता बदललाय." हे तर भामट्याचंच वाक्य झालं की हो! माझ्या बाबांना त्यांच्या बँकेचा असा मेसेज आला, लिंकसकट. खरा होता. बाबांनी तो फसवणूक समजून खोडून टाकला आणि सरळ शाखेत जाऊन विचारून आले. हसू नका. ते बरोबरच वागले, चूक मेसेज पाठवणाऱ्याची.

ब्राउझरचंही तसंच. जतन केलेला पासवर्ड त्या डोमेनलाच बांधलेला असतो. खोट्या साइटवर तो आपोआप भरला जात नाही, हीच त्याची खरी राखण. नव्या डोमेनवरही तो गप्पच बसतो. मग ग्राहक हातानं टाइप करतो आणि शिकतो काय, तर पासवर्ड आला नाही तरी काळजी नको. उद्या खोट्या साइटवर हाच धडा महागात पडेल.

त्यात पुन्हा एका टिंबाचा घोळ. 'अमुक डॉट बँक डॉट इन' राखीव आहे, पण 'अमुकबँक डॉट इन' हे साधं डॉट इन नाव आहे, ते कोणीही घेऊ शकतो. हा फरक बँकेनं समजावला नाही तर राखीव डोमेनचा अर्धा फायदा गेला.

म्हणून माझं मत असं. बदल कळवताना लिंक पाठवूच नये. पासबुकावर छापा, एटीएमच्या पडद्यावर दाखवा, शाखेच्या फलकावर लावा, जुन्या साइटवर लॉगिन झाल्यावर सांगा. लॉगिनच्या पानावर पासवर्डबद्दल दोन ओळी लिहा. आणि जुनं डोमेन कधीही सोडू नका. सोडलं की उद्या दुसरा कोणी ते विकत घेईल आणि जुन्या पत्त्यावर येणारे ग्राहकच नाही, मेलसुद्धा त्याच्या घरी जातील. वर्षाकाठी लागणारी नूतनीकरणाची फी बँकेच्या हिशेबात चहापाण्याइतकीही नसते.

नव्या डोमेननं सगळी फसवणूक थांबणार नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी काढणाऱ्याला डोमेनशी काय देणंघेणं! पण ज्या सावधपणामुळे लोक वाचतात, तो तरी आपल्या स्थलांतराच्या घाईत मोडू नये. सर्व्हर पडला तर तासाभरात उठवता येतो. ग्राहकाची सावध राहायची सवय एकदा मोडली, की ती परत आणायला कुठलाही रोलबॅक नाही.