सहीआधीचा प्रश्न

मेंदूच्या शस्त्रक्रियेवर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे, हा कित्येकांना आगाऊपणा वाटेल. पण शस्त्रक्रियेआधी एका कागदावर सही घेतात, आणि सही हा आमचा विषय आहे. 1872 च्या करार कायद्याचे 13 वे कलम सांगते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती.

रोहिणीतले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून संथ होत नीलेत उतरते. काहींच्या मेंदूत मात्र एखाद्या जागी हे जाळेच नसते. रोहिण्या थेट नीलांना जोडलेल्या, नुसता गुंता. नीलेच्या पातळ भिंतीला तो दाब पेलत नाही. कुणाला आकडी येते, कुणाला रक्तस्राव होतो. रक्तस्रावाचे प्रमाण वर्षाला शंभरात साधारण दोन ते चार. लहान, वरवरचा गुंता सूक्ष्मदर्शकाखाली काढता येतो. आधी रोहिण्या बंद करायच्या, मुख्य नीला शेवटी. क्रम चुकला तर गुंता टेबलावरच फुटतो! खोलवरचा किंवा वाचेच्या केंद्रालगतचा मोठा गुंता असेल, तर निष्णात सर्जनही हात आखडता घेतो.

न फुटलेल्या गुंत्याबाबत तर तज्ज्ञांतच एकमत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, 223 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात नुसत्या औषधांवर ठेवलेले रुग्ण अधिक सुखरूप राहिले. त्यावर सर्जनांचा आक्षेप असा की, अभ्यासाचा काळ तोकडा होता आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया थोड्यांचीच झाली. आक्षेपात तथ्य आहे. मग निवड कुणी करायची? माझ्या मते रुग्णाने, आणि समजून उमजून.

इथे मला आमचे मसाट आठवते. सिल्वासालगतच्या या औद्योगिक वसाहतीत वारली, गुजराती, मराठी, हिंदी सारे कानांवर पडते. 2019 पासून सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच सोय. तरी अशा दुर्मीळ शस्त्रक्रियेसाठी बहुधा मोठे शहर गाठावे लागते. तिथे इंग्रजी छापील कागद पुढे आला, तर कामगाराने कोणत्या अर्थाने सही करावी? समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले पाहिजेत. न समजणाऱ्या भाषेत सांगणे हे सांगणेच नव्हे.

रक्तस्राव झालेल्या रुग्णापाशी वेळ नसतो, हे मान्य. पण न फुटलेल्या गुंत्याच्या रुग्णापाशी तो असतो. त्याला त्याच्या भाषेतला कागद मिळावा, दोन दिवस विचाराला मिळावेत, आणि दुभाषाचे काम वॉर्डबॉयवर सोपवू नये. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड एकाच बांधणीत सुखाने नांदतात. चार पानी संमतिपत्राला दोन भाषा जड का व्हाव्यात?