हवेपेक्षा जड

अॅना कॅस्टिलोची ‘सो फार फ्रॉम गॉड’ ही कादंबरी 1993 ची. मार्केझच्या कादंबऱ्यांची पारायणं करणाऱ्यांतही ती वाचलेले थोडेच. न्यू मेक्सिकोतल्या टोमे गावची सोफी आणि तिच्या चार मुली, एवढीच कथा. धाकटी तिसऱ्या वर्षी मरते, अंत्यविधी चालू असताना शवपेटीत उठून बसते आणि चर्चच्या छपरावर जाते. दुसरीला कोणीतरी छिन्नविच्छिन्न करून टाकतं. ती एका रात्रीत धडधाकट होते. थोरली वार्ताहर. आखाती युद्धात मारली जाते, तरी आईशी बोलायला येत राहते.

तिसरी फे. बँकेतली नोकरी सोडून ती जास्त पगारासाठी कारखान्यात जाते. सुटे भाग रसायनात धुण्याचं काम. उरलेलं द्रव आपोआप उडून जातं, असं तिला सांगितलेलं असतं. कॅन्सर झाल्यावर ती हट्टाने त्या रसायनाची माहिती मागून वाचते. ते हवेपेक्षा जड असतं. म्हणजे उडून गेलेलंच नसतं. फे मरते. ती उठून बसत नाही, भूत होऊन येत नाही. तिच्या मरणानंतर काहीच घडत नाही.

कादंबरीचा जीव इथे आहे. जिच्या पुस्तकात मेलेली माणसं घरी येतात, ती लेखिका या एका मरणाला चमत्कार नाकारते. या मरणाला कारण आहे. कारणाला पत्ता आहे. इथे अद्भुत आणलं असतं, तर कारखाना सुटला असता.

रायगडातल्या खालापूर-कर्जतच्या वाचकाने हे पान दोनदा वाचावं. खोपोली-रसायनीच्या कारखान्यांमुळे तर वाचावंच, पण त्याहून अधिक इर्शाळवाडीमुळे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ही ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं मिळालीच नाहीत. 23 जुलैला शोध थांबवला. त्या आठवड्यात आपण काय लिहिलं आणि काय वाचलं? निसर्ग कोपला. काळाने घाला घातला. डोंगराने वाडी गिळली.

भगताला अंधश्रद्धाळू म्हणणारे आपण. कोप, घाला, गिळणं ही भाषा आली कुठून?

वाडीवरची एखादी आजी म्हणाली की डोंगर रुसला, तर तो तिचा अधिकार आहे. त्या डोंगराशी तिचं पिढ्यांचं नातं आहे. त्याला ती नारळ वाहते, त्याच्याशी भांडते. मंत्रालयाचं आणि वर्तमानपत्राचं तसलं नातं नाही. त्यांच्यापाशी नकाशे आहेत, पर्जन्यमापक आहेत, याद्या आहेत. 17 ते 19 जुलै या तीन दिवसांत तिथे 499 मिलिमीटर पाऊस झाला, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हेही तिथेच सांगितलं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं पायी चढली. जेसीबी वर जाईना, म्हणून माती कुदळ-फावड्याने उपसावी लागली. यातली एकही गोष्ट डोंगराने केलेली नाही.

कोपाला कारण विचारता येत नाही. म्हणूनच तो शब्द सोयीचा पडतो. माळीण गाव 2014 च्या जुलैत असंच दरडीखाली गेलं. तळिये 2021 च्या जुलैत. इर्शाळवाडी 2023 च्या जुलैत. दर वेळी शोक खरा होता, आणि दर वेळी त्याच शब्दांनी प्रश्नांवर माती लोटली.

कॅस्टिलो चमत्कार देते तो माणसांना. मारणाऱ्या गोष्टीला ती तो देत नाही. आपण नेमकं उलट करतो. जिवंतपणी ठाकराच्या देवाला, त्याच्या ढोलाला आपल्या लेखी मोल नसतं. तो मेला की त्याच्या मरणात मात्र आपल्याला दैवी शक्ती दिसू लागते. ही सहानुभूती नव्हे, सुटका आहे.

पुढच्या पावसात रायगडातली एखादी वाडी खचली, तर बातमीच्या पहिल्या परिच्छेदात डोंगराचा स्वभाव नको. वाडी यादीत होती का, नसेल तर ती यादी कोणी केली, वर जायला रस्ता होता का, आणि त्या दिवशीच्या पावसाचा आकडा कोणाच्या टेबलावर पडून होता, एवढं तिथे हवं.