वह्या द्या, पण पोराला स्टेजवर उभं करून नको

दिवाळी आटोपली, भाताची झोडणी संपली की गावोगावच्या सरपंचांना मुंबईहून एक पत्र येते. वर गावदेवीचे नाव, त्याखाली मंडळाचा रजिस्टर नंबर, पत्ता लालबागचा नाहीतर परळचा. मजकूर ठरलेला असतो. गावातील गरीब व होतकरू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी मंडळाने सुट्टीच्या दिवशी जाखडी नृत्याचा कार्यक्रम ठेवला आहे, तरी दहा-बारा गरजू मुलांची नावे कळवावीत व त्यांना कार्यक्रमास पाठवावे. सरपंच ते पत्र गुरुजींकडे देतात, गुरुजी हजेरीपटावरून बोट फिरवतात आणि यादी रवाना होते. कुणी काही विचारत नाही. विचारायचं काय असतं? वह्याच मिळणार आहेत ना!

मंडळी, आज त्या यादीबद्दलच चार शब्द बोलायचे आहेत.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे मुंबईकर मंडळी रागावणार नाहीत. मी या कार्यक्रमांच्या विरोधात नाही. आपल्याकडचा माणूस गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपला, भिंतीला आपली ट्रंक लावून त्याने आयुष्य काढलं. त्या गावकीच्या खोलीतूनच ही मंडळं निघाली. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिचं दामोदर नाट्यगृह परळला १९२२ साली उभं राहिलं, आणि गिरणगावातल्या कामगाराला आपली कला दाखवायला हक्काची जागा झाली. दशावतार, नमन, शक्ती-तुरा, कामगार रंगभूमीची नाटकं, सगळं तिथं झालं. सन १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. पण मंडळं बंद पडली नाहीत. आजही कोकणात कितीतरी शाळांच्या भिंतीवर मुंबईकर मंडळाच्या नावाची फरशी दिसते. ती फरशी म्हणजे कुणाच्या तरी ओव्हरटाइमचा पैसा आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि नाच तरी कुठला? बाल्या नाच! कानात बाळी घालणारा कोकणातला घरगडी तो बाल्या, म्हणून मुंबईनं त्याच्या नाचालाही तेच नाव ठेवलं. थोडं हेटाळणीचंच होतं ते. त्याच बाल्यानं पायात चाळ बांधून तिकिटं लावली आणि त्या पैशातून गावाला शाळा दिली. याचा मला अभिमान आहे.

आता तक्रारीकडे येतो.

काही वर्षांमागे एका २६ जानेवारीला मी गावच्या अकरा मुलांबरोबर असा कार्यक्रम पाहायला गेलो होतो. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण एकाच मंडळाची ही गोष्ट नव्हे. रात्रीच्या गाडीनं पोरं मुंबईत उतरली, एका खोलीत तोंडं धुतली, दुपारी नाट्यगृहावर आणली. मला वाटलं, पुढच्या रांगेत बसवतील. तसं झालं नाही. पुढच्या रांगा देणगीदारांच्या. पोरांना पडद्यामागे विंगेजवळ एका बाकावर ओळीनं बसवलं, कारण मध्यंतरात लागणार होती. समोर मृदंग वाजतोय, झांजा वाजताहेत, घुंगरांचा ठेका पडतोय, आणि ज्यांच्या नावानं हे चाललंय त्यांना नाचणाऱ्यांच्या पाठीसुद्धा धड दिसत नाहीत.

मध्यंतरात नावं पुकारली. नुसती नावं नव्हे. ‘हिचे वडील वारले, आई मजुरी करते.’ ‘याच्या घरात वीज नाही.’ ‘याचे वडील दारूपायी...’ पुढचं मी लिहीत नाही. माईकवरून, साताठशे माणसांपुढे. प्रत्येक पोराला एकेक दप्तर आणि डझनभर वह्या. देणगीदार एका बाजूनं, अध्यक्ष दुसऱ्या बाजूनं, मधे पोर, आणि फोटो. त्यानंतर पोरांना जेवायला नेलं, कारण परतीची गाडी गाठायची होती. उत्तरार्धातला सामना, जो खरा रंगतो, तो त्यांनी ऐकलाही नाही.

सहावीतली एक मुलगी होती. गावाला आली, आणि दप्तर घेऊन शाळेत जाईना. आईनं विचारलं, गुरुजींनी विचारलं. शेवटी दप्तरच आणून दाखवलं तिनं. त्यावर मोठ्या अक्षरात देणगीदाराचं नाव आणि खाली ‘गरीब विद्यार्थी साहाय्य’. तिच्या आईनं त्या दप्तरात कुळथाचं बियाणं भरून माळ्यावर टाकलं. दप्तर चांगलं होतं, पाऊस आत जात नव्हता, असं ती माउली सांगत होती. मुलगी मात्र जुन्याच पिशवीतून पुस्तकं नेत राहिली.

तुम्ही म्हणाल, एका पोरीचा हट्ट. असू दे. पण तुमच्या-माझ्या पोराला, त्याचा बाप काय पितो हे माईकवरून सांगितलेलं आपण चालवून घेतलं असतं का? सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी चावडीवर लागली तर आपण तालुक्याला मोर्चा नेतो. आणि पोराची यादी आपणच सही-शिक्क्यानिशी पाठवतो.

यात कायद्याचाही एक भाग आहे, तो सरपंच आणि ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, सवय व्हायला वेळ लागेल) ध्यानात घ्यावा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो वर्तमानपत्रात वा अन्यत्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या यादीतलं प्रत्येक पोर त्या कलमात बसेलच असं नाही. पण निराधार पोर बसू शकतं, आणि वर्तमानपत्रात सर्वात आधी त्याचाच फोटो येतो. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. किती सरपंचांना ही समिती कधी बसल्याचं आठवतं, ते त्यांनी मनाशीच विचारावं.

मी हे सगळं मंडळाच्या एका जुन्या सेक्रेटरीला बोललो होतो. भला माणूस, गिरणीत तीस वर्षं काढलेला. तो म्हणाला, ‘भाऊ, चेहरा दिसल्याशिवाय हात खिशात जात नाही. प्रवेशिका खपवायला दारोदार आम्ही फिरतो, तुम्ही नाही.’ त्याचं खोटं नाही. समजा सातशे खुर्च्या आहेत, प्रवेशिका दोनशे रुपयांची, सगळी खपली, तर एक लाख चाळीस हजार. त्यातून थिएटरचं भाडं, लाइट, माईक, दोन्ही पार्ट्यांची बिदागी, पोशाख, पोरांचं गाडीभाडं, पाहुण्यांचे हारतुरे आणि शाली. स्मरणिकेच्या जाहिराती आल्या तर हाती काही राहतं, नाहीतर दप्तरांपुरतंच. म्हणजे ज्या देखाव्यासाठी पोरांना दोन रात्री गाडीत बसवतो, त्याचाच खर्च मदतीत मोठा तुकडा पाडतो. अकरा मुलं आणि दोन मोठी माणसं यांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि शाली-नारळ वाचले, तर तेवढ्यात वर्गाच्या पत्र्याचं काम होऊन जातं.

त्यात मुंबईत जागाही राहिल्या नाहीत. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. कलावंत रस्त्यावर उतरले, पण गिरणगावच्या माणसाची जागा गेली ती गेली. गिरगावात साहित्य संघ, दादरला शिवाजी मंदिर आहे. पण परळ नाक्यावर ड्युटी सुटल्यावर चालत यायचं ते सुख तिथं नाही. जागा कमी म्हणजे कार्यक्रम कमी. मग होतो तो एकेक कार्यक्रम नीट का करू नये?

चेहरा दाखवायचाच असेल तर दुसऱ्या तऱ्हेनं दाखवता येतो. डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली आनंदवनात ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठरोगातून बरी झालेली, अंध, मूकबधिर, अपंग मंडळी त्यात गातात, वाजवतात, नाचतात. लोक तिकीट काढून येतात आणि कलेला टाळ्या देतात. तिथं कुणी कुणाच्या हातात दप्तर ठेवून फोटो काढत नाही. स्टेजवरचा माणूस कमावतो, आणि ती कमाई संस्थेला जाते. एवढा साधा फरक आहे, पण माणसाची मान वर राहते.

आता आपल्या पोरांकडे बघा. गणपतीत आरत्या झाल्या की अंगणात जी जाखडी रंगते तिच्यात ही पोरं पहाटेपर्यंत असतात. ती सहावीतली मुलगीसुद्धा. परतीच्या गाडीत ती शेजारणीला सांगत होती की मागच्या बाजूचा एक नाचणारा सारखा पाय चुकत होता. बाकावर बसून, नुसतं ऐकून तिला ते कळलं होतं! हिला मध्यंतरात ‘गरीब’ म्हणून उभी करण्याऐवजी पहिल्या गणाला चाळ बांधून उभी केली असती तर प्रवेशिका कमी खपल्या असत्या का? मला तरी वाटत नाही. आता बायकांच्या शक्ती-तुऱ्याला गर्दी होते, मग पोरींच्या का होऊ नये? फक्त कार्यक्रम दुपारचा असावा आणि परीक्षेच्या तोंडावर नसावा.

पैशाबद्दल माझं म्हणणं असं. वह्या-दप्तरं मंडळानं विकत घेऊ नयेत. शिल्लक रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरावी. शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती सरकारी व अनुदानित शाळांना आहे, तिच्यात पाऊण भाग पालक असतात आणि निम्म्या बायका. कुणाला चप्पल नाही, कुणाला चष्मा लागलाय, कुणाचं एसटीचं भाडं तुंबलंय, हे गुरुजींना आणि अंगणवाडीच्या ताईंना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी गुपचूप द्यावं. हिशेब मात्र गुपचूप नको. १ मेच्या ग्रामसभेत रक्कम वाचून दाखवावी, किती आली आणि कशावर गेली. पोरांची नावं वाचू नयेत. गणपतीला चाकरमानी आले की त्यांनाही तोच कागद दाखवावा. शाळेचा पत्रा बदललेला डोळ्यांनी पाहिला तर पुढच्या वर्षी त्यांचा हात खिशात आपोआप जाईल, असं त्या सेक्रेटरीलाही मी म्हणालो. तो हसला. नाही मात्र म्हणाला नाही.

आमच्या गावानं यंदाच्या पत्राचं उत्तर आधीच लिहून ठेवलं आहे. ‘सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. गरजू मुलांची यादी यंदापासून पाठवणार नाही, त्याबद्दल राग नसावा. समितीचा खाते क्रमांक सोबत आहे. कार्यक्रमासाठी आमच्या शाळेचा जाखडीचा संघ येईल. मुले आठ आहेत, पाच मुली व तीन मुलगे. मृदंगवाला आमचाच असेल. मुलांची जेवणाची सोय करावी व आपला कार्यक्रम झाल्यावर त्यांना पुढे बसून पुढचा सामना पाहू द्यावा. चाळ मात्र तिकडेच जमवून ठेवावेत, इथल्यांची घुंगरं तुटली आहेत.’