मातीतला चेहरा

मुखवटा असो की सिनेमातले भूत, चेहरा आधी मातीत घडतो. लोणावळ्यात सुनील कंडल्लूर यांच्या संग्रहालयात दिसतात तसे मेणाचे पुतळेही मातीचा नमुना, प्लास्टरचा साचा आणि त्यात ओतलेले मेण याच क्रमाने बनतात. खरा कस लागतो तो एकेक केस सुईने टाळूत रोवताना. नवशिक्याने मेणाच्या नादी न लागता शाडू आणि कागदाचा लगदा घ्यावा. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा उत्सवातले कित्येक मुखवटे लगद्याचेच असतात. साच्याला आतून व्हॅसलीन चोपडावे, नाहीतर सोडवताना नाक हमखास तुटते. साचा घ्यायला जिवंत चेहऱ्यावर थेट प्लास्टर मात्र कधीच नको. घट्ट होताना ते तापते. मावळच्या पावसात लगदा वाळत नाही, बुरशी धरते. त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.