मस्तिष्कस्तंभाचे मौन आणि मृत्यूची निश्चिती

अपघातात डोक्याला गंभीर दुखापत झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात आहे. श्वसनयंत्रामुळे छाती वरखाली होत आहे, हाताला ऊब आहे. आणि डॉक्टर सांगतात, ‘रुग्ण मेंदूमृत झाला आहे.’ त्यापाठोपाठ अवयवदानाचा प्रश्न येतो. अशा वेळी नातेवाईक साहजिकच विचारतात : एखाद्या यंत्राने हे सिद्ध करता येणार नाही का?

नवजात बालकांची श्रवणशक्ती पाहण्यासाठी केली जाणारी ‘बेरा’ तपासणी अनेक पालकांना परिचित आहे. कानात टिकटिक असा ध्वनी सोडतात आणि डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या तारांतून विद्युत प्रतिसाद नोंदवितात. सेकंदाच्या शंभराव्या भागात पाच प्रमुख लहरी उमटतात. पहिली लहर श्रवणाच्या मज्जातंतूतून येते. पाचवी मस्तिष्कस्तंभाच्या, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागाच्या, वरच्या अंगातून येते. गुंगीच्या औषधांचा या लहरींवर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे गाढ बेशुद्धीतही त्या उमटल्या, तर मस्तिष्कस्तंभातील तो मार्ग अद्याप कार्यरत आहे, असे ठामपणे म्हणता येते.

मात्र लहरी न उमटणे हा मृत्यूचा पुरावा नव्हे. अपघातात कानच निकामी झाला असेल तरीही आलेख सपाटच येईल. पहिली लहर उमटून पुढील सर्व लोपल्या, तर चिन्ह अधिक गंभीर. पण तेव्हाही ही तपासणी केवळ श्रवणमार्गाविषयी बोलते. श्वसनाचे नियंत्रण मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात असते. त्याविषयी ती मूक आहे. म्हणूनच अमेरिकेतील २०२३ च्या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनी मेंदूमृत्यू ठरविताना अशा विद्युत प्रतिसादांवर विसंबू नये, असे सांगितले.

भारतातील मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. आरंभी तो गोवा, हिमाचल प्रदेश, महाराष्ट्र ही राज्ये व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. त्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू प्रमाणित करते. बाहुलीचा प्रकाशाला प्रतिसाद, खोकल्याची प्रतिक्रिया, श्वसनयंत्र दूर केल्यावर स्वतःहून श्वास घेण्याचा प्रयत्न, अशा तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उरतो. ऑगस्ट २००० मध्ये रोम येथील प्रत्यारोपण परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मेंदूमृत्यूचा निकष काटेकोरपणे लावल्यास तो मानवाविषयीच्या योग्य धारणेशी विसंगत ठरत नाही, असे प्रतिपादन केले. परंतु त्यांनी मोठा मेंदू, लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ या तिन्हींचे कार्य कायमचे थांबण्याविषयी म्हटले होते. आपला कायदा केवळ मस्तिष्कस्तंभाविषयी बोलतो. या अंतरावर कॅथलिक विचारवंतांत आजही मतभेद आहेत. पोपमहोदयांनी अपेक्षिलेली ‘नैतिक निश्चिती’ म्हणूनच महत्त्वाची ठरते.

ती कोणा एका यंत्रातून नव्हे, तर प्रामाणिक प्रक्रियेतून येते. दोन्ही वेळच्या तपासण्या कोणी केल्या? त्यांपैकी कोणी प्रत्यारोपण पथकात आहे काय? गुंगीची औषधे वा शरीराचे घटलेले तापमान यांचा परिणाम वगळला आहे काय? असे विचारणे हा अविश्वास नव्हे. अवयवदान ही प्रेमाची देणगी आहे. ती समजून-उमजून दिली गेली, तरच देणाऱ्या कुटुंबालाही पुढे शांती लाभेल.